शेवटची गाडी बाईंची

हेल्मेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक, एखाद्याच्या दारावर वाजवावं तशी. मग प्रश्न यायचा, "घरी कोन हाय?" आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची.

तुम्ही कधी सिंदेवाहीकडून येताना आमच्या फाट्यावर सकाळी चहाला थांबला असाल, तर हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. चार जण आपापल्या गाड्यांवर बसलेले, आणि एक ठेंगणी, सावळी, जाड चष्म्याची बाई एकेकाच्या डोक्यावर टकटक करत हिंडते आहे. बाईचं डोकं जरा फिरलेलं असावं, असं वाटून तुम्ही चहावाल्याकडे पाहिलं असेल. चहावाला काही बोलला नसेल, कारण त्याच्या स्कूटरवरच्या हेल्मेटवरही ती टकटक व्हायची.

उत्तर एका नावाचं द्यायचं. घरी आपली वाट पाहणाऱ्या माणसाचं. मी म्हणायचो, "चिऊ." चिऊ म्हणजे माझी मुलगी. आमच्याच आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणायच्या, "सासू," आणि लगेच जोडायच्या की माझी नाही, स्वयंपाकाची वाट पाहते. कृषी सहायक अजून लग्नाचा होता, तो "माय" म्हणायचा. ग्रामसेवक भाऊ सगळ्यात वडीलधारे. ते रोज थोडं लाजून बायकोचं नाव घ्यायचे, लग्नात उखाणा घ्यावा तसं. एवढं झालं की बाई मागे जायच्या, स्वतःच्या गाडीवर बसायच्या, आणि आम्ही जंगलाच्या रस्त्याला लागायचो.

आमच्याकडे नोकरीसाठी रोज जाण्या-येण्याला अपडाऊन म्हणतात. राहायचं तालुक्याला, नोकरी जंगलातल्या गावात. एसटी सकाळी एक येते, ती शाळा भरल्यावर पोचते, आणि संध्याकाळची येईल की नाही हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. म्हणून ज्याच्या-त्याच्या बुडाखाली मोटारसायकल. फाट्यापर्यंत मोठा रस्ता, त्यावर राईसमिलचे ट्रक. फाट्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू, मध्ये एकच गाडी धड जाईल एवढं डांबर. ते संपलं की तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि मग आमचं गाव. त्या गावात बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या आणि मी आरोग्य केंद्रात गोळ्या मोजून देत होतो.

बाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. त्या नव्याने बदली होऊन आल्या होत्या. एका सकाळी फाट्यावर एक अनोळखी बाई मोटारसायकल आडवी लावून उभी, आणि मला हात करते आहे. मला वाटलं, पेट्रोल संपलं असेल. मी थांबलो, तर म्हणाल्या, "दोघं मिळून जाऊ."

मला उशीर होत होता. मी जरा तोऱ्यातच म्हणालो की बाई, भीती वाटत असेल तर एसटीनं येत जा. त्यांना राग आला नाही. चष्मा पुसत त्यांनी सांगितलं, "भेव मले नाई वाटत. पन एकटा पडला तं सांगनार कोन?" त्या 'पडला'मध्ये मी होतो, त्या नव्हत्या, हे मला अर्ध्या रस्त्यात कळलं. त्या दिवसापासून आम्ही दोन झालो, महिन्याभरात चार, आणि कृषी सहायक रुजू झाला तेव्हा पाच.

मोटारसायकलही साधी नव्हती. गिअरची, उंच, आवाज करणारी. बाईंनी ती स्वतःच्या पगारातून घेतली होती. भद्रावतीला राहणाऱ्या त्यांच्या भावाने सांगून पाहिलं की बाईमाणसाला स्कूटी बरी. त्यावर बाईंनी त्याला विचारलं होतं, "खड्डे काय बाई हाय का बुवा हाय पाहून येते?" हे त्या स्वतः सांगत नसत. भावानेच एकदा कौतुकाने आम्हाला सांगितलं. आपल्या बहिणीचा त्याला इतका अभिमान होता की गाडीची तक्रार करतानाही तो हसत होता.

बाईंचे नियम फार नव्हते, पण त्यात सवलत नव्हती. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. म्हणून ग्रामसेवक भाऊंची मोपेड आमच्या फौजेची सेनापती. ती चढावर इतकी धापा टाकायची की शेजारून चालणारी गुरंसुद्धा वळून बघायची. तिच्यामागे सिस्टरांची स्कूटी, मग मी, मग कृषी सहायक आपल्या घोड्यासारख्या गाडीचा लगाम ओढत. तो पहिल्याच दिवशी चिडला. अशानं मी दुपारी पोचेन, म्हणाला. बाई म्हणाल्या, दुपारी पोच, पण पोच.

आणि सगळ्यात मागे बाई. ही जागा त्यांनी कुणाला दिली नाही. मागचा माणूस सगळ्यांना पाहतो, त्याला कोणी पाहत नाही, हे सिस्टरांनी एकदा बोलून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेच उभ्या राहिल्या.

दुसरा नियम जंगल संपल्यावरचा. संध्याकाळी निघताना पाळीवर पुन्हा टकटक व्हायचीच, पण फाट्यावर पोचल्यावर सगळ्यांनी थांबायचं, हेल्मेट काढायचं आणि बाईंनी तोंडं पाहायची. घाईच्या दिवशी आम्ही कुरकुर करायचो की बाई, आरशात दिवे दिसतात ना, मोजले की झालं. त्या म्हणायच्या, "दिवा कोनाचाबी असते. तोंड दाखवा." मग शाळेतल्या पोरांसारखी आम्ही एका रांगेत तोंडं दाखवायचो आणि चहावाला गालात हसायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वाघाच्या भीतीनं. वाघ आहे, नाही असं नाही. आमच्या रस्त्यावर त्याचे पंजे दिसतात, आणि ज्यांच्या घरचं माणूस मोहफुलं वेचायला गेलं आणि परत आलं नाही अशी घरंही आम्हाला माहीत आहेत. त्याची कोणी थट्टा करत नाही. पण बाईंचं खरं वैर वाघाशी नव्हतंच, ते ट्रॉलीशी होतं.

धान निघायला लागलं की आमच्याकडे रस्त्याचं खळं होतं. गुळगुळीत डांबरावर धान वाळत घालतात, शेजारी तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग. त्यावर ब्रेक मारला की गाडी आपोआप झोपते. आणि दिवस मावळायच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात, मागे लाल दिवा नाही, काही नाही, काळोखात काळी भिंत उभी. बाईंचा शब्द होता, "वाघ कधीतरी भेटते. ट्राली रोज भेटते."

तर बाईंनी काय करावं? त्यांनी चंद्रपूरहून चकाकणाऱ्या लाल पट्टीची रिळं आणली. आमच्याकडे तिला रेडियम म्हणतात. शाळेसमोरून जाणारी प्रत्येक ट्रॉली त्या थांबवायच्या आणि मागच्या फळीला पट्टी चिकटवायच्या. ट्रॅक्टरवाल्याचं पोर त्यांच्याच वर्गात असायचं, त्यामुळे नाही म्हणायची त्याची हिंमत नसायची. ट्रॉल्या संपल्यावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची पाळी आली. बंड्या संपल्यावर एका संध्याकाळी पोलीस पाटलांच्या बैलांची शिंगं आमच्या दिव्यात लाललाल चमकली, आणि ग्रामसेवक भाऊ मोपेडवरून उडालेच.

पाटील तणतणत शाळेत गेले. जाताना वाघासारखे गेले, येताना हातात एक रीळ घेऊन आले. आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या शिंगाला पुढे पट्टी लागली. आमच्या हेल्मेटच्या मागेही बाईंनी ती स्वतःच्या हाताने लावली होती. मला ती शोभत नाही असं माझं मत होतं. मी शोभण्यासाठी गाडी चालवतो काय, असं त्यांनी विचारलं. मी सिस्टरांकडे पाहिलं, तर त्या हसू दाबत होत्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी कळली नाही. सगळ्यांच्या डोक्यावर टकटक करून झालं की बाई आपल्या गाडीवर बसायच्या, हेल्मेट घालायच्या, आणि स्वतःच्याच हेल्मेटवर दोनदा टकटक करायच्या. काहीतरी पुटपुटायच्या. काय, ते गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नसे. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई होती तोवर आम्ही समजत होतो की आईचं नाव घेत असतील. आई गेली. तिसऱ्या दिवसाचा विधी आटोपून बाई कामावर आल्या, पांढऱ्या साडीत, सगळ्यांना "जय भीम" म्हणून रोजच्यासारखी टकटक करत फिरल्या. मग मागे गेल्या, आणि स्वतःच्या डोक्यावर वाजवून ओठ हलवलेच. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. विचारायचं धाडस कोणी केलं नाही. घरी कोणी नसलेल्या माणसाला तो प्रश्न कसा विचारायचा?

मग ती पौषातली संध्याकाळ आली.

थंडी अशी की हँडलवर बोटं वळत नव्हती. तलावाच्या पाळीवरून आम्ही रोजच्या क्रमाने निघालो. भाऊ पुढे, बाई मागे. अंधार पडायला आला होता. जंगल संपता संपता भाऊंनी आरशात पाहिलं, मागे चार दिवे होते, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे डावा हात वर केला, म्हणजे सगळे ठीक. आम्ही फाट्यावर थांबलो. हेल्मेट काढली. कृषी सहायकाच्या मागून शेवटची गाडी आली, थांबली, तिच्यावरच्या माणसाने तोंडाचा मफलर सोडला, आणि तो दूधवाला निघाला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी रिकाम्या कॅन लटकत होत्या.

तो बिचारा आडवाटेवरून रस्त्याला लागला होता. पुढे चार दिवे दिसले, सोबत मिळाली म्हणून आनंदाने आमच्या शेपटीला जोडला गेला. "मागं कोनी हाय का?" सिस्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "मांगं तं कोनीच नाई."

आम्ही दिवे मोजले होते. बाईंनी नको म्हटलेली एकच गोष्ट, आणि तीच आम्ही केली. कृषी सहायक तर बाईंच्या लगेच पुढे होता. आरशातला दिवा बाईंचाच म्हणून तो निश्चिंत आला होता. त्याने गाडी वळवली आणि तो एकटाच निघाला, तेव्हा ग्रामसेवक भाऊ, ज्यांचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता, ते कडाडले, "थांब बे. एकटं नाई जायचं. बाई काय म्हनते?" तो थांबला. मग भाऊंनी आपली सेनापती मोपेड चहावाल्याच्या हवाली केली, आणि माझ्यामागे बसले. दूधवाल्याला कोणी काही सांगितलं नाही, तरी त्याने कॅन उतरवून ठेवल्या आणि तोही आला. चार गाड्या आत वळल्या.

त्या रस्त्यावर मी हजार वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी तो संपत नव्हता. भाऊ माझ्या खांद्याला धरून बसले होते आणि त्यांची बोटं रुतत होती. आम्हाला काय सापडेल याची प्रत्येकाला भीती होती.

पहिल्यांदा ऐकू आली शिट्टी. शाळेच्या कवायतीची, लांब, मग थांबून पुन्हा लांब. मग वळणावर आमच्या दिव्यात खाली, रस्त्याच्या कडेला, लाल पट्टी चमकली. मला शोभत नाही म्हटलेली तीच पट्टी.

बाई किलोमीटरच्या दगडाला पाठ टेकून बसल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट तसंच, पट्टा हनुवटीखाली आवळलेला, तोंडात शिट्टी. रानडुकरांचा कळप आडवा गेला होता. पहिली दोन गेली म्हणून त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, आणि तिसरं चाकावरच आलं. गाडी नाल्याच्या बाजूला घसरून पडली होती, दिवा फुटलेला. उजवा पाय घोट्यापाशी सुजून जाड झाला होता. हेल्मेटला कानापासून मागेपर्यंत तडा गेलेला. ते नसतं तर तो तडा कुठे गेला असता हे माझ्यासारख्या गोळ्या मोजणाऱ्यालाही कळत होतं. पलीकडच्या बांबूत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. डुकरं असतील. आम्ही बघायला गेलो नाही.

बाईंनी शिट्टी काढली. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्यांनी दिव्याच्या उजेडात हात डोळ्यांवर धरला आणि आमची तोंडं मोजली. एक तोंड जास्त भरलं.

"हा कोन?"

दूधवाला आहे, सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याले हेल्मेट नाई. मग रागावल्या. आम्ही सगळेच्या सगळे आत आलो, फाट्यावर सांगायला कोणी ठेवलं का? चहावाल्याला सांगून आलो, हे भाऊंनी सांगितल्यावर जरा निवल्या. सिस्टरांनी ओढणीने त्यांचा पाय बांधला.

मी खाली बसलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर ते तडकलेलं हेल्मेट. का ते सांगता येत नाही, पण माझा हात वर गेला आणि मी त्याच्यावर बोटांनी दोनदा वाजवलं, अगदी हळू.

"घरी कोन हाय, बाई?"

सिस्टरांचे हात थांबले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याची एक काच तडकली होती, त्यामुळे एकच डोळा नीट दिसत होता. रोज काय पुटपुटता, ते सांगा, असं त्यांना माझ्या तोंडावर वाचता आलं असेल.

"सगळे," त्या म्हणाल्या.

आम्हाला आधी समजलं नाही. मग त्यांनी पायाकडे बघत, पोरांना समजावून सांगावं तसं सांगितलं. "तुमची चिऊ. सिस्टरची सासू. याची माय. भाऊची बाई. तुम्ही आपापल्याचं नाव घेता. मांगं बसनाऱ्याले सगळ्याइचं घ्या लागते."

मला माझ्या नोकरीत, घरात, कोणाच्याही बाबतीत इतका अभिमान वाटलेला नाही जितका त्या वेळी त्या मातीत बसलेल्या बाईंचा वाटला. भाऊंनी तोंड फिरवून मोठ्याने नाक शिंकरलं आणि ते थंडीला नावं ठेवू लागले.

बाईंना सिस्टरांच्या मागे बसवून आणलं. क्रम ठरवताना थोडा घोळ झाला, कारण शेवटी कोण हे कधी ठरवावंच लागलं नव्हतं. दूधवाला म्हणाला, मी राहातो. बाई मागे वळून म्हणाल्या, "बिनाहेल्मेटचा मांगं नाई राह्यत." शेवटी मी राहिलो.

प्लास्टर निघेपर्यंत भावाने त्यांना भद्रावतीला नेलं. आता बाई गाडी सोडतील, बदली मागतील, असं गावात सगळे बोलत होते. आम्हालाही मनातून तेच वाटत होतं. एका सकाळी फाट्यावर पोचलो, तर उंच मोटारसायकल आडवी लावलेली, नवा दिवा, नवा आरसा, आणि बाई चहावाल्याशी पट्टीवरून हुज्जत घालताहेत. थोड्या लंगडत होत्या. त्या दिवशी टकटक जरा जोरात झाली. दूधवालाही हेल्मेट घालून उभा होता. त्याला विचारलं, घरी कोन हाय, तर तो म्हणाला, "म्हशी." बाईंनी तेही उत्तर मान्य केलं.

मग पुढची वर्षं तशीच गेली, आणि आम्ही कोणी हरवलो नाही. हे लिहायला एकच ओळ लागली. बाईंना त्यासाठी रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मागे राहावं लागलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत शाल-श्रीफळ झालं. पाटलांनी भाषण केलं, त्यात बैलांच्या शिंगांचा उल्लेख टाळला. संध्याकाळी पाळीवर आम्ही बाईंना सांगितलं, आज तुम्ही पुढे. आज तुमचा मान. त्यांनी शाल पिशवीत कोंबली आणि विचारलं, "मी पुढं गेली तं मोजन कोन?" आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. फाट्यावर आम्ही रांगेत हेल्मेट काढून उभे राहिलो. त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं, माझ्यापाशी जरा थांबल्या, आणि "चाला, झाले" म्हणून मोठ्या रस्त्याला लागल्या. त्यांच्या मागची लाल पट्टी ट्रकांच्या दिव्यात बराच वेळ दिसत होती.

आता त्या भद्रावतीला भावाकडे असतात. तिथल्या वसाहतीत सायकलींना पट्ट्या लावणं सुरू आहे, असं त्यांचा भाऊ फोनवर सांगतो. नागभीडच्या बाजूच्या एका फाट्यावरही आता लोक थांबून एकत्र जातात, असं मी ऐकलं. विचारलं तर ही पद्धत कोणाची हे तिथे कोणाला माहीत नाही. मी सांगितलं. चांगलं तासभर सांगितलं.

आमच्या फाट्यावर मागची जागा माझी झाली. मी सगळ्यांच्या डोक्यावर टकटक करतो, नावं ऐकतो, नव्या शिक्षिकेच्या धाकट्या मुलाचं, नव्या ग्रामसेवकाच्या आईचं, म्हशींचंसुद्धा. मग मागे येतो, गाडीवर बसतो. पहिले कितीतरी दिवस स्वतःच्या हेल्मेटवर वाजवून मी सवयीने "चिऊ" म्हणत होतो.

परवा संध्याकाळी पाळीवर पुढच्या गाड्या सुरू झाल्या, माझ्यापुढे दिवे एकेक करून जंगलात शिरायला लागले. मी हात वर नेला, दोनदा वाजवलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "सगळे." मग गाडी गिअरमध्ये टाकली.